रानडुकराच्या परवानगीत गोळीही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेठ-सुरगाण्याकडे रानडुकरे करत असलेली भात-नागलीची नासधूस आणि ती मारायला शेतकऱ्यांना परवानगी द्यावी का, यावरची पत्रे आपल्या अंकात वाचतो आहे. मारावे की मारू नये, तो वाद जाणत्यांनी घालावा. माझी सारी नोकरी फौजेच्या शस्त्रदुरुस्ती वर्कशॉपात गेली, म्हणून मला वेगळेच विचारायचे आहे. परवानगी मिळालीच, तर मारायचे कोणत्या गोळीने? बंदुकीबद्दल सगळे बोलतात, गोळीबद्दल कुणीच नाही.

फौजेची गोळी पूर्ण आवरणातली असते, म्हणजे आतले शिसे टोकापर्यंत धातूच्या कवचाने झाकलेले. ती फुलत नाही, बऱ्याचदा आरपार जाते. युद्धात फुलणारी गोळी वापरायची नाही, असे १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात ठरले. (ती ज्या दमदमच्या नावाने बदनाम झाली, ते आपल्या कोलकात्याजवळचे.) शिकारीत नेमके उलटे आहे. गोळी आत जाऊन अळंबीसारखी फुललीच पाहिजे, नाहीतर जखमी डुक्कर उसात शिरते आणि पहाटे पाणी द्यायला गेलेल्याची मांडी फाडते.

आपल्याकडे परवान्यावर बहुतेकांजवळ बारा बोअरच असते. तिच्या छऱ्यांनी लांबून डुकराच्या वाटेला जाऊच नये. .३१५ रायफल असेल तर तिची मऊ नाकाची (टोकाशी शिसे उघडे असलेली) गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची. जवळून काम चोख करते. पण हाडावर बसली की आवरण आणि शिसे वेगळे होऊ शकतात आणि शिशाचे बारीक कण मांसात, आतड्यांत पसरतात.

अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकातच यावर तोड काढली. गोळीच्या मधोमध तांब्याच्या धातूची आडभिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. पुढे शिसे आवरणाला पक्के जोडलेल्या ‘बॉण्डेड’ गोळ्या आल्या. त्या आपले बरेचसे वजन टिकवतात, तरी शिसे आहेच. १९८९ च्या सुमारास बार्न्स कंपनीची ‘एक्स’ गोळी आली, ती निव्वळ तांब्याची. टोकाला पोकळी असते, आत शिरताच चार पाकळ्या मागे वळतात आणि तुकडे फारसे पडत नाहीत.

माझे मत तांब्याला. कारण अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते पोटात जाऊन गिधाडे मरत, म्हणून जनावरांचे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक २००६ मध्ये बंद करावे लागले. हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली गुरे टाकायची सोय केली. शिसेही गिधाडांना विषच. मग त्याच टापूत गोळी घातलेले डुक्कर शिशासकट उघड्यावर टाकायचे? कॅलिफोर्नियाने कॉन्डोर गिधाडांचा विचार करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली.

अडचण एकच, पण मोठी. तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. शिवाय ते कडक, त्यामुळे फुलायला वेग लागतो. .३०-०६ सारख्या वेगवान रायफलीत तो मिळतो. .३१५ मात्र नळीच्या तोंडाशीच संथ, शंभर मीटरवर आणखी मंदावते. तिथे वेगवान गोळीचा आराखडा तसाच उचलून भागणार नाही. पोकळी रुंद आणि पाकळ्या पातळ ठेवाव्या लागतील. .३१५ ची काडतुसे आपल्याच खडकीला होतात. हे काम तिथल्या कारागिरांच्या आवाक्याबाहेरचे नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

तोवर परवानगीच्या कागदावर दोन ओळी वाढवाव्यात. पूर्ण आवरणाची गोळी आणि छरे चालणार नाहीत. आणि मारलेले जनावर आतड्यांसकट वनरक्षकासमोर खोल पुरावे, ओढ्याकाठी टाकू नये.

आपला,
एक निवृत्त आर्मरर,
देवळाली कॅम्प, नाशिक