डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक मधुमेह दिनानिमित्त १४ नोव्हेंबरच्या आपल्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि तळपाय यांची हानी कशी होते, हे त्यात सोप्या शब्दांत सांगितले होते. मात्र त्याच आजाराने, त्याच कारणाने होणारी एक हानी त्यात नव्हती. बरीच वर्षे रक्तातील साखर वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात, आणि पुरुषाच्या लिंगाला ताठरता येते ती याच दोहोंच्या जोरावर. पायाला मुंग्या येतात का, हे प्रत्येक तपासणीत विचारले जाते. ताठरतेविषयीचा दुसरा प्रश्न आमच्या अनुभवात नऊ वर्षे कोणी विचारला नाही, आणि त्या न विचारण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हे पत्र.

माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. रक्तदाबासाठी त्यांना अटेनोलॉल आणि जोडीला लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी थायझाइड गटातील गोळी होती. या दोन्ही गटांतील औषधांमुळे काही पुरुषांना लैंगिक त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत असते, आम्हाला नव्हते. आपल्याला ताठरता येत नाही ती या गोळ्यांमुळे, असा यजमानांनी मात्र स्वतःपुरता अंदाज बांधला होता आणि मला किंवा डॉक्टरांना काही न सांगता एके दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. कपाट आवरताना कपड्यांच्या घडीखाली मला न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या, तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्याच संध्याकाळी मोजलेला रक्तदाब १८०/११० होता. अटेनोलॉलसारखी गोळी अशी एकाएकी सोडली तर नाडी जोराने धावू लागते, छातीत दुखू शकते आणि हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो, हे आम्हाला नंतर कळले. आजही त्या पट्ट्या आठवल्या की माझे हातपाय गार पडतात.

त्या रात्री आम्ही कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने बोललो. ते आपल्यापासून दूर का राहतात याची मी माझ्या मनाने निराळीच कारणे लावून घेतली होती, आणि आपण मला नकोसे झालो आहोत असे त्यांना वाटत होते. एवढी साधी गोष्ट दोन माणसांना एका घरात इतकी परकी करते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनाच कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून फिजिशियनकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, औषध बदलून टेल्मिसार्टन दिले, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, आणि आम्हाला अनपेक्षित वाटलेली गोष्ट म्हणजे हृदयाची तपासणी करायला सांगितली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपेक्षा लिंगातील धमन्या बारीक असतात, त्यामुळे त्या आधी कोंदतात आणि पुढे येऊ घातलेल्या हृदयविकाराची सूचना कधी कधी काही वर्षे अगोदर मिळते, असे त्यांनी समजावले. म्हणजे लाज वाटून लपवलेले लक्षण हा जीव वाचवणारा इशाराही असू शकतो. तपासण्या ठीक आल्यावर त्यांनी ताठरतेसाठीचे सिल्डेनाफिल हे औषध लिहून दिले, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवण्याची नायट्रेटची गोळी किंवा त्याच गटातील दुसरे औषध घेत नाही ना, हे आधी दोनदा विचारले. ही दोन औषधे एकत्र पोटात गेली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. म्हणूनच मित्राने दिली म्हणून किंवा ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळाली म्हणून सिल्डेनाफिलची गोळी घेणे जिवावर बेतू शकते.

हे स्पष्ट लिहिण्याचे कारण आपल्याला सभोवती दिसते. बसस्थानकाच्या भिंतींपासून वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींपर्यंत ‘मर्दानी कमजोरी’वर खात्रीशीर इलाजाची आश्वासने असतात. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचारविषयक कायद्याने बंदी आहे. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. हृदयरोगी माणूस ते चूर्ण निर्धास्तपणे घेतो. डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही, त्या मोकळ्या जागेत हा धंदा चालतो.

स्त्रियांना तर हा प्रश्न असू शकतो हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. आई गेल्यानंतर मला नैराश्य आले आणि मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम सुरू केले. त्या गोळीने मी पुन्हा उभी राहिले, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण शरीरसंबंधाची इच्छा आणि त्यातील सुखाची जाणीव दोन्ही जवळजवळ नाहीशी झाली, आणि वय झाले असे म्हणून मी वर्षभर गप्प राहिले. या गटातील औषधांचा हा नेहमीचा परिणाम आहे, आणि मात्रा कमी करणे किंवा बुप्रोपिऑनसारखे दुसरे औषध देणे असे मार्ग डॉक्टरांपाशी असतात. माझी मात्रा त्यांनी टप्प्याटप्प्याने कमी केली. गोळी स्वतःच्या मनाने मात्र कोणी सोडू नये. माझ्या एका मैत्रिणीला स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल सुरू आहे. त्या गोळीने आलेल्या योनीच्या कोरडेपणामुळे तिला संबंध असह्य होतात, पण फेरतपासणीला मुलगा सोबत असतो, म्हणून ती बोलत नाही.

माझी मागणी लहान आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर झोप, भूक, शौच यांच्या नोंदी असतात, तशीच ‘औषध सुरू झाल्यापासून शरीरसंबंधांत काही फरक पडला आहे का?’ ही एक ओळ असावी. मधुमेह, रक्तदाब, मनोविकार आणि कर्करोग या चार ठिकाणी तरी ती छापावी. उत्तर देताना पुढचा रुग्ण शेजारच्या स्टुलावर बसलेला नसावा, आणि सोबतच्या नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर थांबायला डॉक्टरांनीच सांगावे. रुग्णाने तसे सांगितले तर घरात शंका येते. डॉक्टरांनी सांगितले तर ती तपासणीची रीत ठरते.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत असत; त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आज अशी उत्तरे छापायला तेवढे धैर्य लागू नये. आपल्या आरोग्य पुरवणीत महिन्यातून एकदा तज्ज्ञ डॉक्टरांनी आजार, औषधे आणि शरीरसंबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, आणि वर उल्लेखलेल्या जाहिराती आपल्या अंकात येणार नाहीत हेही पाहावे.

माझे नाव छापू नये, ही विनंती. हे पत्र पाठवण्यापूर्वी मी यजमानांना वाचून दाखवले. पत्राला त्यांची संमती आहे, नावाला अजून नाही.

आपली,
एक वाचक, सांगली जिल्हा