नीळ आणि हळद

जि. यवतमाळ
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबांचा सामना असला की कोलकात्यात तुझ्या कचेरीतही दोन तट पडतात आणि डब्यात कोळंबी आहे की हिलसा मासा यावरून माणूस कोणाचा ते ओळखतात, हे वाचून मला आपली नीळ आणि हळद आठवली. २०२२ च्या विश्वचषकाला जर्सी घेण्याइतके पैसे कोणाकडेच नव्हते, म्हणून आम्ही अर्जेंटिनावाल्यांनी बनियनवर निळीचे पट्टे ओढले आणि तुम्ही ब्राझीलवाल्यांनी आपले बनियन हळदीच्या पाण्यात बुडवले. तुझ्या आईने तुझा बनियन साबणाने धुतला, तेव्हा हळद जागोजागी लाल पडली. तरीही तू तोच अंगात घालून आखरावर, गावाच्या त्या मोकळ्या जागेत, सामने पाहायला येत राहिलास.

९ डिसेंबरच्या रात्रीबद्दल मी आजवर तुझ्याशी बोललो नाही. जादा वेळेत नेमारने गोल केला तेव्हा तुम्ही पोरे आखरावर नाचलात. त्यानंतर ११७ व्या मिनिटाला क्रोएशियाने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर ब्राझील ४-२ असा हरला. आमचा सामना साडेबाराला होता. मधल्या वेळात सुतळी बॉम्ब घेऊन आम्ही तुझ्या दारापुढे गेलो. तुझे आजोबा घरात आजारी पडून होते, हे बाकीच्यांना ठाऊक नसेल, पण मला ठाऊक होते, आणि तरीही पहिली वात मीच पेटवली. तू दार उघडून ओट्यावर आलास, काही बोलला नाहीस, आणि लाल डागांचा तो पिवळा बनियन मला दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसला. त्या हंगामात कापूस वेचायला तू आमच्या वावरात आला नाहीस. १८ तारखेला फ्रान्सविरुद्ध ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर आम्ही विश्वचषक जिंकलो, तेव्हा ज्या पोत्यावर आपण दोघे बसत होतो त्यावर मी एकटाच होतो.

आपल्यापैकी कोणीच ब्युनोस आयरिस किंवा रिओ पाहिलेले नाही. शंकरपटाच्या शर्यतीत निदान आपण स्वतः सरकी चारलेल्या बैलजोडीसाठी घसा कोरडा करतो. इथे तर तुझ्या काकांना ब्राझील आवडायचा म्हणून तू ब्राझीलचा झालास आणि तुझ्याशी वाद घालता यावा म्हणून मी अर्जेंटिनाचा झालो. ही निष्ठा खोटी होती असे मी अजिबात मानत नाही. ती एका पोत्यावर बसून रात्र जागवण्यातून आली होती, आणि म्हणूनच तुझ्या दारात मी जे केले ते अर्जेंटिनासाठी केले असे मला म्हणता येत नाही.

तू राहतोस त्या शहराने अशा वैराची किंमत फार मोठी मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि १६ माणसे खेळ पाहायला गेली ती घरी परतली नाहीत. त्याच शहरात १८ ऑगस्ट २०२४ ला ड्युरंड चषकातील त्यांचा सामना रद्द झाला, तेव्हा दोन्हीकडचे समर्थक, त्यांच्यासोबत मोहमेडन स्पोर्टिंग या तिसऱ्या क्लबचेही, आपापल्या रंगाच्या जर्सी घालून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले आणि आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून मारलेल्या त्या तरुण डॉक्टर मुलीला न्याय मिळावा म्हणून एकत्र घोषणा देऊ लागले. त्यांपैकी कोणी आपला क्लब सोडला नव्हता. ती दृश्ये मी मोबाईलवर पाहिली आणि मला तुझा ओटा आठवला.

आता ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत पुढचा विश्वचषक आहे. ऐन पेरणीचे दिवस आहेत, पण पोरांनी आतापासूनच गट पाडले आहेत. मी त्यांना सांगितले आहे की आखरावर पडदा एकच लागेल आणि हरलेल्याच्या दारापुढे कोणी फटाका वाजवणार नाही. का, ते मात्र मी त्यांना सांगितलेले नाही. त्या रात्रीबद्दल मी तुझी मनापासून क्षमा मागतो. आजोबा असते तर त्यांच्याही पाया पडलो असतो.

रजा मिळाली तर जूनमध्ये ये. पोते मी सांभाळून ठेवले आहे, आणि हळद आमच्या घरची आहे.

तुझाच,
पोत्यावरचा सोबती