परत आलेल्या सैनिकांचा किनारी रस्ता

जिलाँग, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समुद्राला लागून जाणारा इथला रस्ता डोंगर फोडून केला आहे की भराव घालून, असे तुम्ही फोनवर विचारले होते. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तुमचे सारे आयुष्य बांधकाम खात्यात, आंबेनळी आणि कुंभार्लीसारख्या घाटांच्या देखभालीत गेले. त्यामुळे या रस्त्याची खरी किंमत आमच्यापेक्षा तुम्हालाच अधिक कळेल.

या रस्त्याला ग्रेट ओशन रोड म्हणतात. आमच्या जिलाँगजवळच्या टॉर्कीपासून निघून तो पश्चिमेला अ‍ॅलन्सफर्डपर्यंत सुमारे २४० किलोमीटर जातो. अँगलसी, एअरीज इनलेट, लॉर्न, वाय रिव्हर, अपोलो बे, पोर्ट कॅम्पबेल अशी लहान लहान गावे वाटेत लागतात. लॉर्न ते अपोलो बे हा टप्पा सर्वांत अवघड आहे, कारण तिथे ऑटवेचे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या उतारावर काप घेऊनच रस्ता काढावा लागला आहे. रस्ता होण्यापूर्वी या गावांना बोटीने किंवा रानातल्या कच्च्या वाटांनीच जावे लागे.

पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी, न परतलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून, हा रस्ता खोदला. काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९३२ मध्ये पुरे झाले. टिकाव, फावडी, पहारी, सुरुंगाची दारू आणि घोड्यांच्या गाड्या एवढीच साधने होती. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी मिळे, राहायला तंबू असत, आणि छावणीत संध्याकाळच्या विरंगुळ्यासाठी पियानो, ग्रामोफोन व वर्तमानपत्रे ठेवलेली असत. पियानोचे वाचून मी बराच वेळ थांबले. खंदकांत वर्षे काढलेल्या माणसांना मजुरीइतकीच या गोष्टीचीही गरज आहे, हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते.

हे सारे वाचताना आपल्या अपशिंग्याची आठवण होणे अपरिहार्यच होते. त्याच युद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. तिथल्या स्मारकापुढे लहानपणी तुम्ही मला हात जोडायला लावले होते, ते योग्यच होते आणि आजही मी तेच करीन. इथे मात्र स्मारकावरूनच शाळेची बस जाते, दुधाचा टँकर जातो, आजाऱ्याला घेऊन रुग्णवाहिका जाते. मेलेल्यांची आठवण जिवंतांच्या रोजच्या उपयोगी पडावी, हा विचार मला फार मोठा वाटतो.

हा विचार तडीस नेण्यात जिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांचा वाटा मोठा होता. त्यांनी विश्वस्त मंडळ उभारले, वर्गण्या गोळा केल्या आणि स्वतःचे पैसेही घातले. नोव्हेंबर १९३२ मध्ये संपूर्ण रस्त्याचे उद्घाटन झाले, त्याच्या थोडेच आधी ते वारले. तरी मिरवणुकीत गव्हर्नरांच्या गाडीमागून त्यांची मोटार मानाने नेण्यात आली. सुरुवातीला प्रवाशांकडून पथकर घेतला जाई. १९३६ मध्ये रस्ता सरकारच्या स्वाधीन झाल्यावर हा पथकर बंद झाला. ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर लाकडी स्मारक-कमान आहे. १९८३ च्या वणव्यात ती जळाली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा उभारली.

वणव्यांचे संकट इथे कायमचेच आहे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि शेजारची सेपरेशन क्रीक या वस्त्यांतील ११६ घरे जळाली. वेळेवर गावे रिकामी केल्यामुळे जीवितहानी झाली नाही, ही समाधानाची गोष्ट. पण झाडी जळून उघडा पडलेला उतार पुढच्या पावसाळ्यात तग धरू शकला नाही आणि दरडी कोसळून रस्ता काही काळ बंद ठेवावा लागला. मुळे गेली की माती सुटते, असे तुम्ही घाटातल्या झाडांवर कुऱ्हाड चालवणाऱ्यांना सांगत असा. तेच इथे घडले. आता ठिकठिकाणी जाळ्या आणि संरक्षक भिंती दिसतात.

पोर्ट कॅम्पबेलकडे डोंगर संपून चुनखडीचे कडे सुरू होतात. पर्यटकांची गर्दी असते ती तिथे, समुद्रात उभ्या असलेल्या सुळक्यांसाठी. लाटा कडा पोखरतात, त्यातून कमान तयार होते, कमान ढासळली की सुळका उरतो, आणि शेवटी तोही पडतो. २००५ मध्ये असा एक सुळका कोसळला. दृश्य सुंदर आहे, पण माझे मन लॉर्नच्या पुढच्या वळणांतच अधिक रमते.

तुम्ही आणि आई फेब्रुवारीत यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तेव्हा इथे उन्हाळा असतो. आपण टॉर्कीकडून पश्चिमेला जाऊ. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे चालकाशेजारी बसलात की समुद्र तुमच्याच बाजूला येईल. तोपर्यंत एक काम कराल का? तुमच्या हाताखाली घाटात ज्या मैलकुलींनी आणि मुकादमांनी पावसाळ्यानंतर पावसाळा दरडी उपसल्या, त्यांची जेवढी आठवतील तेवढी नावे आणि गावे एका वहीत लिहून ठेवा. ती वही मला हवी आहे.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
ताई