यात्रेतून आणलेली छोटी घोडी : गाभण की खाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार उठला की तापीकाठची जनावरे टेम्पो-ट्रकमधून नव्या दावणीला जातात. हल्ली त्यांत बुटक्या घोड्याही बऱ्याच दिसतात. काही साधी तट्टे, काही पोनी, तर काही ‘मिनिएचर’ म्हणून खपवलेली. (अमेरिकेतल्या मिनिएचर घोड्यांच्या मुख्य संघटनेकडे नोंद करायची तर आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजलेली उंची ३४ इंचांच्या वर चालत नाही. आपल्याकडे विकणाऱ्याची जीभ हाच गज.) घेणारे बहुतेक फार्महाऊसवाले, कृषी पर्यटनवाले किंवा मुलांच्या हौसेसाठी घेणारे. यांतल्या एकाला सांगितले जाते, “गाभण आहे साहेब, एकात दोन मिळतायत.” दुसऱ्याला, “खालीच आहे, उद्यापासून पोरं बसवा.” दोन्ही वेळा पुरावा एकच, घोडीचे पोट.

गंमत अशी की सौदा करताना देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) कुठे, कंठावरचा भोवरा कसा, पायाला पांढरे किती, हे सगळे बारकाईने पाहिले जाते. ओठ उचकून दात मोजले जातात. पण घोडीला नर शेवटचा कधी दाखवला, म्हणजे तिच्यावर घोडा कधी सोडला, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. ती एक तारीख कळली तर पुढचे निम्मे काम वाचते.

पोट फसवते. बुटक्या जातीच्या घोडीचे पोट निकृष्ट कडब्याने, वाळल्या गवताने आणि जंतांनी एवढे सुटते की नऊ महिन्यांची वाटावी. एकदा व्यायलेल्या घोडीचे पोट तर कायमच खाली ओघळलेले असते. उलट पहिलटकरीण शेवटच्या महिन्यापर्यंत सडपातळ राहू शकते. माजाचेही तसेच. गाभण घोडी अधूनमधून माजाची लक्षणे दाखवते, त्यामुळे “परवाच माजावर होती, म्हणजे खाली” हा हिशेब चुकतो. सहा-सात महिन्यांनंतर सकाळी थंड पाणी पाजल्यावर मागच्या पायापुढच्या कुशीत शिंगराची हालचाल कधी कधी दिसते. दिसली तर ठीक, नाही दिसली म्हणून काही सिद्ध होत नाही.

आता मुद्द्याचे. नवी घोडी आली की मालक गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो आणि “हात घालून बघा” म्हणतो. गाई-म्हशीत ही तपासणी रोजची आहे. कोपरापर्यंत हात गुदाशयातून आत आणि दोन मिनिटांत निकाल. पण घोडीचे गुदाशय गाईच्या मानाने नाजूक असते, ती जोरात कुंथते, आणि ३४-३६ इंची घोडीत मोठ्या माणसाच्या हाताला मुळात जागाच नसते. आतडे फाटले तर लीद पोटाच्या पोकळीत उतरते. मग जनावर बहुधा वाचत नाही. मोज्यावर ताजे, लालभडक रक्त दिसले तर “थोडे खरचटले असेल” म्हणून सोडून देऊ नये. घोडीला तिथेच शांत करून, प्रतिजैविक देऊन, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी हलवावे. इतक्या लहान घोडीत हाताची तपासणी मागू नये आणि डॉक्टरांनीही भिडेखातर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला पर्याय सोनोग्राफीचा. मोठ्या घोडीत प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा भाग) हातात धरून गुदाशयातून आत नेतात. बुटक्या घोडीत तोच सरळ प्रोब कडक दांडीला घट्ट बसवून, भरपूर वंगण लावून, हात बाहेर ठेवून नेता येतो. त्याआधी लीद काढून घ्यावी लागते आणि बहुतेक घोड्यांना गुंगीचे इंजेक्शन लागते. १४ ते १६ दिवसांना गर्भाची काळी गोल पिशवी दिसते, २५ दिवसांच्या पुढे हृदयाचा ठोका. याच वेळी जुळे आहे का तेही पाहून घ्यावे, कारण घोडीला जुळे सहसा पेलत नाही, बहुतेकदा गाभ पडतो. दिवस जास्त भरले असतील तर आत जायची गरजच नाही. कास आणि बेंबी यांच्या मधल्या भागातले केस काढायचे, स्पिरिटने पुसायचे, जेल लावायचे आणि पोटावरून पाहायचे. यासाठी साधारण साडेतीन मेगाहर्ट्झचा, माणसाच्या पोटासाठी वापरतात तसा वक्र प्रोब चालतो. बुटक्या घोडीत दोन-अडीच महिन्यांनंतर दिसू लागते, तीन महिन्यांच्या पुढे भरवसा वाढतो. मात्र पोटावरून “काही दिसले नाही” याचा अर्थ “खाली आहे” असा नसतो. दिवस कमी असू शकतात, किंवा केस नीट काढलेले नसतात. सर्वांत जास्त फसगत या दुसऱ्या कारणाने होते. थंडीत या घोड्यांची लव अस्वलासारखी दाट असते आणि तिच्यातली हवा ध्वनिलहरी अडवते.

सोनोग्राफी जवळ नसेल तर रक्त. इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली चूक, शहरातल्या लॅबमध्ये ‘प्रेग्नन्सी टेस्ट’ सांगणे. ती चाचणी बीटा-एचसीजीची, म्हणजे बाईच्या गर्भातल्या संप्रेरकाची. घोडीचे संप्रेरक वेगळे. त्यामुळे अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि नऊ महिन्यांची घोडी कागदावर खाली ठरते. औषधाच्या दुकानातल्या लघवीच्या पट्टीचेही तेच.

दुसरी चूक, नुसते प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारे संप्रेरक, तपासणे. हा रेणू माणसात आणि घोडीत एकच असल्याने लॅब आकडा बरोबर देते, चुकतो तो अर्थ. नर दाखवल्यावर १८ ते २१ दिवसांनी आकडा अगदी खाली असेल तर घोडी बहुधा राहिली नाही. वर असेल तर एवढेच कळते की बीजांडकोशात पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) काम करतो आहे. तो दोन माजांच्या मधल्या दिवसांतही असतो. शिवाय पाच-सहा महिन्यांनंतर गाभण घोडीतही प्रोजेस्टेरॉन बरेच उतरते, कारण तोपर्यंत वार त्याच कुळातली दुसरी द्रव्ये बनवू लागलेली असते. दाखवल्याची तारीख माहीत नसलेल्या घोडीत म्हणूनच ही चाचणी दोन्ही बाजूंनी फसवते.

उपयोगाच्या चाचण्या दोन. एक पीएमएसजीची (प्रेग्नंट मेअर सीरम गोनॅडोट्रोपिन), जिला आता ईसीजी (इक्वाइन कोरिओनिक गोनॅडोट्रोपिन) म्हणतात. (हृदयाच्या ईसीजीशी संबंध नाही. लॅबच्या चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहावे, नाहीतर घोडीच्या छातीला तारा लावायला माणूस येईल.) साधारण ३५व्या दिवसाच्या सुमाराला गर्भातल्या काही पेशी घोडीच्या गर्भाशयाच्या अस्तरात रुजून छोट्या वाट्यांसारख्या गाठी तयार करतात आणि त्या हे संप्रेरक सोडतात. म्हणून चाचणी ४० ते १२० दिवसांतच लागू पडते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने याच तत्त्वावर घोडीसाठी किट विकसित केले आहे. या चाचणीच्या दोन मर्यादा आहेत. गाठी बसल्यानंतर गर्भ मेला तरी त्या १२० दिवसांपर्यंत काम करत राहतात, म्हणजे पोटात काही नसताना अहवाल ‘गाभण’ येतो. आणि घोडीवर गाढव गेले असेल तर हे संप्रेरक फार कमी बनते. वीटभट्टीवरून किंवा गाढवांच्या कळपाजवळून आलेल्या घोडीत हे ध्यानात ठेवावे.

दुसरी चाचणी इस्ट्रोन सल्फेटची. हे द्रव्य जिवंत शिंगरू आणि वार मिळून बनवतात. शिंगरू गेले की पातळी पडते. तीन महिन्यांनंतर ती भरवशाची. पातळी इतकी चढते की गाभण घोड्यांच्या मुतापासून बायकांच्या संप्रेरकाचे औषध १९४० च्या दशकापासून बनत आले आहे.

तारीख माहीत नसेल तर घोडी उतरल्यावर आठवडाभरात दहा मिली रक्त साध्या, लाल बुचाच्या नळीत घ्यावे. ते गोठल्यावर सीरम वेगळे करून थंड ठेवावे आणि दोन्ही चाचण्या एकदम कराव्यात. कोणती लॅब काय करते ते रक्त काढण्याआधी विचारावे. ईसीजी नाही आणि इस्ट्रोन सल्फेट चढलेले, तर चार महिन्यांच्या पुढची गाभण. दोन्ही चढलेले, तर तीन-चार महिने. ईसीजी आहे पण इस्ट्रोन सल्फेट नाही, तर एक तर दिवस कमी, किंवा गर्भ गेला आणि गाठी उरल्या. सात-आठ आठवड्यांनी फक्त इस्ट्रोन सल्फेट पुन्हा केले की उलगडा होतो. दोन्ही नसतील तर घोडी खाली आहे किंवा ४० दिवसांच्या आतली आहे. यात्रेत, ट्रकमध्ये नर-मादी शेजारी बांधलेली असतात. दीड वर्षाचा शिंगराही घोडी भरवू शकतो. म्हणून १५ डिसेंबरला घेतलेल्या घोडीचा पहिला अहवाल कोरा आला तरी जानेवारीच्या अखेरीस दुसरे रक्त घ्यावेच.

गव्हाचे दाणे मुतात भिजवून अंकुर मोजण्याची घरगुती चाचणी गाईच्या नावाने प्रसिद्ध आहे. घोडीत तिच्यावर विसंबू नये.

निकाल येईपर्यंत घोडी गाभण आहे असेच धरून वागावे. ‘माजावर आणायचे’ इंजेक्शन, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, मुळीच देऊ नये, त्याने गाभ पडतो. नव्या घोडीला किमान तीन आठवडे जुन्या घोड्यांपासून, त्यांच्या पाण्याच्या बादलीपासूनसुद्धा, लांब बांधावे. आणि लठ्ठ दिसते म्हणून तिचा चारा एकदम तोडू नये. ही चूक सर्वांत महाग पडते. बुटकी, चरबीची, गाभण घोडी प्रवासाच्या ताणाने किंवा उपासाने खायची थांबली की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसते. नळीतले रक्त गोठल्यावर वर पिवळसर पारदर्शक सीरम सुटायला हवे, त्याऐवजी ताकासारखे पांढरे दिसते. हे दिसले तर अहवालाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. दोन वेळची चंदी तिने तोंडाला लावली नाही, एवढे कारण फोन करायला पुरेसे आहे.

गाभण ठरली तर दिवस मोजायचे. घोडी सरासरी ३४० दिवस घेते, ३२० ते ३६५ हा नेहमीचा पल्ला, आणि बुटक्या घोड्या बऱ्याचदा आधी वितात. खरेदीच्या तारखेत पुढचे बारा महिने मिळवले की “यानंतर सहसा व्यायची नाही” ही शेवटची तारीख मिळते. धनुर्वाताची लस विण्याआधी चार ते सहा आठवडे द्यावी. कास साधारण महिनाभर आधी भरू लागते, पण काही बुटक्या घोड्या दोन दिवसांत कास टाकून वितात. चिकाचे दोन थेंब पीएच पट्टीवर घेऊन रोज संध्याकाळी पाहावे. सातच्या वरचा आकडा साडेसहाच्या खाली आला की रात्री कोणीतरी जागे हवे.

गाई-म्हशींवर हात बसलेल्यांसाठी इथे घड्याळ बदलते. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू अर्ध्या तासात बाहेर यायला हवे. बुटक्या जातीत शिंगराचे डोके अंगाच्या मानाने मोठे असल्याने अडण्याचे प्रमाण जास्त. पांढुरक्या पडद्याऐवजी मखमली लाल पिशवी आधी दिसली तर वार सुटून पुढे आली आहे आणि शिंगराचा श्वास कोंडतो आहे. ती तत्क्षणी फाडून शिंगरू ओढून घ्यावे, डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. वार तीन तासांत पडली नाही तर तीही तातडीची बाब. गाईची बारा तास वाट पाहतात, तशी इथे पाहू नये.

यात्रेचे आयोजक आणि पशुसंवर्धन विभाग यांच्याकडे मागणी छोटी आहे. खरेदीच्या पावतीवर रंग, वय, उंची आणि खुणा यांच्यासोबत दोन रकाने वाढवावेत. एक, नर शेवटचा कधी दाखवला आणि तो घोडा होता की गाढव. दोन, गाभण तपासणी झाली का, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेला. आणि परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी एखाद्याचे पथक वक्र प्रोब, केस काढायचे मशीन आणि बर्फाची पेटी घेऊन यात्रेत बसवावे. पोटावरून तपासणी पंधरा मिनिटांत होते. तिचे शुल्क घेणाऱ्याने द्यावे की विकणाऱ्याने, ते सौद्यात ठरेल.

आपला,
एक पशुवैद्यक, शहादा