अवघड वर्षाची वही

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "हे वर्ष पाटीवरून पुसता आलं तर बरं होईल." काम सुटलं, आजारपण आलं, मैत्रीण गेली, आणि हे सगळं बारा महिन्यांच्या आत. असं वाक्य तोंडी येणारच. तुझी समजूत घालावी म्हणून हे लिहीत नाही. सरलेल्या वर्षाकडे बघायची एक रीत असते. कोणती कागदपत्रं घ्यायची, किती वेळ बसायचं, कुठे थांबायचं, हे सगळं त्यात ठरवता येतं. ते केलं नाही तर वर्षाचा निवाडा आठवण करते, आणि आठवण सगळे दिवस सारखे मोजत नाही.

ती कशी मोजते हे १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं. माणसांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, पुन्हा करायचं झालं तर यातलं कोणतं चालेल? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, म्हणजे जास्तीचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. एखादा अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फारशी किंमत नसते. त्यातला सगळ्यांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच ती धरून ठेवते. वर्ष दुःखात संपलं तर मार्चमधले बरे तीन आठवडेसुद्धा काळे दिसतात. उलटही होतं. शेवट गोड झाला की मधल्या पाच महिन्यांची ओढाताण आपण स्वतःच नाकारतो आणि "एवढं काही नव्हतं" म्हणून त्या काळात झिजलेल्या शरीराला विश्रांती देत नाही.

म्हणून डिसेंबरपासून मागे जाऊ नकोस. ज्या महिन्याबद्दल मनात काहीच पटकन येत नाही, तिथून सुरू कर.

आखीव वही घे, किमान तीस पानांची. समोरासमोरची दोन पानं एका महिन्याला, म्हणजे चोवीस पानं झाली. उरलेली मागे लागतील. डाव्या पानावर काय घडलं, उजव्या पानावर तेव्हा कसं वाटलं आणि कोण सोबत होतं. आधी बाराही महिन्यांची डावी पानं भरायची, उजवं पान तोवर कोरं. दोन्ही एकदम लिहायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच माणूस अडकतो, कारण एक जड प्रसंग अख्खी बैठक खाऊन टाकतो.

डावं पान आठवून भरायचं नाही, कागदांवरून भरायचं. क्रमही सांगते, तो महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा बँकेचं खातेपत्रक, कारण त्याला कुणाची भीड नसते: औषधांचा खर्च कोणत्या तारखेला सुरू झाला, पगार कधी थांबला, प्रवास कधी केला, सगळं तारखेनिशी सापडतं. मग डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि कॅलेंडर. मग मेसेज. फोटो सगळ्यांत शेवटी. फोटो आपण बऱ्या क्षणी काढतो, त्यामुळे ते आधी पाहिले तर महिन्याचा रंग तेच ठरवतात. पण फोटोंमधल्या रिकाम्या जागा जरूर बघ. सलग तीन आठवडे एकही फोटो नसेल तर त्या तारखा वहीत लिही आणि मेसेजमध्ये शोध, तेव्हा काय चाललं होतं. बहुतेकदा ते एकतर फार कठीण दिवस असतात, नाहीतर इतके भरलेले की फोन हातात घ्यायला सवड नव्हती. एक काळजी घे: गेलेल्या मैत्रिणीचे मेसेज या कामासाठी उघडायचे नाहीत. त्यांना वेगळी बैठक दे, नाहीतर तारीख शोधायला जाशील आणि दोन तासांनी भानावर येशील.

डाव्या पानावरच्या वाक्यात फक्त घटना असावी आणि फार तर तिचा परिणाम. "काम सुटलं" ही घटना. "चार महिने साठवणीतून भागवलं" हा परिणाम. "मी कुठेच टिकत नाही" हा निवाडा, त्याला इथे जागा नाही. निवाडे ओळखायची सोपी खूण म्हणजे नेहमी, कधीच, सगळं, कुणीच हे शब्द. ते दिसले की खोड आणि तिथे आकडा लिही. "कुणीच आलं नाही" या वाक्यात आकडा घालायला गेलीस की तीन नावं आठवतील. आणि कधी खरंच शून्य येईल. मग शून्यच लिही, तेही खरं आहे आणि त्याला झाकायची गरज नाही.

आता उजवं पान. इथे वेळेची शिस्त लागते. १९८६ मध्ये मानसशास्त्रातले संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही एकत्र लिहिल्या, त्यांचं मन लिहिल्याबरोबर आणखी जड झालं होतं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. यातून दोन गोष्टी घे. एक, लिहून उठल्यावर तासभर वाईट वाटणं म्हणजे काही चुकलं असं नाही. दोन, १५ ते २० मिनिटं पुरेशी असतात. घड्याळ लाव आणि वाजलं की वाक्य अर्धं असलं तरी पेन ठेव. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी बसायला सोपं पडतं. झोपायच्या आधी हे करू नकोस. दिवसाउजेडी बस आणि नंतर अर्धा तास हाताचं काही काम ठेव: कपड्यांच्या घड्या, चालणं, भांडी. महिना फार जड असेल तर एकाच महिन्याला दोन-तीन बैठका दे. आणि एखादा प्रसंग लिहितानाच सोसवेनासा झाला तर तो सोडून दुसरं लिही. ती पळवाट नाही. ताज्या जखमेला काही महिने थांबू देणं हाच शहाणपणा असतो.

लिहिताना एक सापळा आहे, आणि विचारी माणसं त्यात जास्त अडकतात. तेच वाक्य तिसऱ्यांदा उमटलं आणि त्यात नवा तपशील नाही, तर तू आठवत नाहीस, घोळवते आहेस. घोळवण्याची सुरुवात बहुधा "का" ने होते: असं का झालं, माझ्याच बाबतीत का. तिथे प्रश्न बदल: त्या दिवशी नेमकं काय झालं, मग काय केलं, कुणाला सांगितलं. तरी सुटलं नाही तर "मी" च्या जागी "ती" घालून पाच ओळी लिही: "तिला सकाळी फोन आला. तिने दार लावून घेतलं." इतक्या अंतरानेही माणसाला स्वतःबद्दल थोडी माया वाटू लागते.

ज्या निर्णयांचा तुला पस्तावा होतो, त्यांच्यासाठी वेगळी ओळ हवी. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवलं की शेवट कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं. म्हणून "डॉक्टरांकडे आधी जायला हवं होतं" असं लिहिण्याआधी लिही: त्या तारखेला मला काय माहीत होतं? खोकला चार दिवसांचा होता. ताप नव्हता. कामाचा ताण होता. हे मांडून झाल्यावरही चूक दिसली, तर ती खरी चूक, आणि तिच्यातून पुढच्या वेळी काय करायचं तेही निघेल. बहुतेक ठिकाणी चूक सापडणार नाही, फक्त दुःख उरेल. दुःखाला चुकीचं नाव देऊ नकोस, नाहीतर आयुष्यभर माफी मागत राहशील.

मैत्रिणीबद्दल. तू विचारलंस की तिच्यानंतर दोन महिन्यांनी एका कार्यक्रमात पोट धरून हसलीस, ते बरोबर होतं का. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाचं जे वर्णन केलं ते मला सर्वांत खरं वाटतं: माणूस हानीकडे आणि नव्याने उभं राहण्याकडे, असा आळीपाळीने जात-येत राहतो. ही येरझार हाच शोक करण्याचा मार्ग आहे, त्यात हसणंही येतं. शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) म्हणून जे सगळीकडे सांगतात, ते मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडलं होतं. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावलं गेलं. त्या पायऱ्या तुला क्रमाने चढायच्या नाहीत, आणि कुठली राहून गेली म्हणून घाबरायचंही नाही. एवढं मात्र कर: तिचा वाढदिवस आणि ती गेली तो दिवस पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर आत्ताच लिही, आणि त्यांच्या आधीचे तीन-चार दिवस मोठी कामं ठेवू नकोस. कारण नसताना झोप उडते, चिडचिड होते, आणि तारीख कळल्यावर उलगडतं.

आता आनंदाचं. दुःख दिवस अडवतं म्हणून लक्षात राहतं. आनंद बहुधा दिवस अडवत नाही, म्हणून तो शोधावा लागतो. उजव्या पानावर प्रत्येक महिन्याखाली निदान एक बरी गोष्ट लिही आणि पुढे "कारण" जोड. "शेजारणीने किल्ली ठेवून घेतली, कारण मला रात्री उशीर होणार हे तिने विचारून ठेवलं होतं." कारणाशिवाय ती नुसती यादी होते आणि आठवडाभरात निर्जीव वाटते. एखाद्या महिन्यात काहीच सापडलं नाही तर जागा मोकळी सोड. आनंद ओढून आणायचा नाही, तो वहीलाही कळतो.

आणि एक शब्द या वहीत वर्ज्य कर: पण. "काम सुटलं पण घरच्यांना वेळ देता आला." हा "पण" पहिलं अर्धं वाक्य गिळतो, ऐकणाऱ्याला वाटतं हिशेब मिटला. "आजारपण आलं पण माणसं कळली" यातही तेच होतं. तिथे "आणि" घाल. काम सुटलं आणि घरच्यांना वेळ देता आला. दोन्ही पूर्ण उभी राहतात, कुणी कुणाची भरपाई करत नाही. या वर्षाबद्दल मला तुला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही "आणि" ची. आनंद झाले म्हणून दुःखाचं ओझं कमी होत नाही, आणि दुःख झालं म्हणून आनंद खोटे ठरत नाहीत.

मागची उरलेली पानं दोन कामांना. एकावर अर्धवट राहिलेल्या गोष्टी: अर्ज, बिल, परत करायची पुस्तकं, एखाद्याशी अर्धवट सोडलेलं बोलणं. प्रत्येकीपुढे पहिली कृती आणि वार लिही, "कागदपत्रं, मंगळवार सकाळ, फाइल शोधणे" इतकं बारीक. दुसऱ्यावर माणसांची नावं, ज्यांनी या वर्षी काही केलं. त्यांतल्या दोघा-तिघांना चार ओळी पाठव: त्यांनी काय केलं, केव्हा, आणि त्यामुळे तुला काय जमलं. अवघडल्यासारखं होईल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की आभाराचं पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होतो, हे लिहिणारा बहुधा कमीच धरतो. नवे संकल्प मात्र याच वहीत, याच बैठकीत करू नकोस. थकलेल्या मनाचे संकल्प शिक्षेसारखे असतात.

झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींतली गोडी सलग दोन आठवडे हरवलेली असेल, तर वही बंद कर आणि डॉक्टरांकडे जा. जगणंच नको असं एकदा जरी वाटलं, तर तेवढंही थांबू नकोस, त्याच क्षणी मला उठव.

वही मला दाखवायची नाही. कोणत्या महिन्यापाशी हात थबकेल याचा मला अंदाज आहे. त्या पानापाशी तुला एकटीने बसवेना, तर फोन लाव आणि टेबलावर ठेवून दे. तू लिही, मी पलीकडे काही न बोलता वीस मिनिटं बसून राहीन.

तुझी,
आई