भट्टीला थेट प्रक्षेपण कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'द ग्रेट पॉटरी थ्रो डाऊन' या कुंभारकामाच्या ब्रिटिश टीव्ही स्पर्धेवरचा लेख वाचला. लेखकाला दोन गोष्टी खटकल्या आहेत. एक म्हणजे परीक्षक ऊठसूट डोळ्यांना रुमाल लावतात. दुसरी म्हणजे वाळवण आणि भाजणी यांत कार्यक्रम रेंगाळतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अंतिम फेरी थेट प्रक्षेपित करून तासाभरात निकाल लावा, असं सुचवलं आहे. गेली सहा वर्षं मी हौस म्हणून चाकावर बसते, त्यामुळे राहवलं नाही.

चाकावरून उतरवलेला मग तसाच भट्टीत ठेवून बघा. मातीतल्या पाण्याची वाफ होते, तो फुटतो आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो. (मातीत बुडबुडा राहिला म्हणून फुटलं, असं आमच्या वर्गातही सगळे म्हणतात. पण बुडबुडा बिचारा उगाच बदनाम आहे, घात ओल करते.) म्हणून आधी भांडं पुरतं वाळवायचं. मग साधारण १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, मग झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप), मग दुसरी भाजणी. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापवून दगडासारखं घट्ट केलेलं भांडं, असेल तर ही दुसरी भाजणी १२०० च्या वर जाते. दोन्ही वेळा भट्टी आपसूक निवू द्यायची, कारण ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं, म्हणजे गारेच्या कणांचं, आकारमान एकदम बदलतं. तिथे घाई केली की भांड्याला आरपार तडा. तासाभरात हे कसं उरकायचं, ते लेखकानेच सांगावं.

आता रडण्याविषयी. कीथ ब्रायमर जोन्स २०१५ मध्ये बीबीसी टूवर कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून परीक्षक आहेत आणि ते स्वतः कुंभारकाम करतात. स्पर्धकाचं भांडं हातात घेतल्यावर ते आधी बुडाशी अंगठा फिरवतात की नाही, हे मी बघत असते. नीट जमलेल्या कडेवर त्यांचे डोळे भरून येतात, ते मला नाटकी वाटत नाही. मी स्वतः कपाच्या एका कानासाठी रडले आहे. कप थोडा वाळलेला होता आणि कान ताजा ओढलेला. दोन्हीकडे ओरखडे काढले, चिखल लावला, दाबून बसवला. पण जास्त ओला तो जास्त आक्रसतो. सांध्यात केसाएवढी चीर पडली होती आणि ती झिलईखाली लपली. दोन आठवडे मी मोठ्या ऐटीत त्या कपातून चहा प्यायले. एका सकाळी कान माझ्या हातात राहिला आणि कप मांडीवर.

कार्यक्रमात सगळंच छान आहे असं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून चाकावर बसवणं मला पोरखेळ वाटतो. एकदा तर स्पर्धकांना संडासाचं भांडं बनवायला लावलं होतं. हसू आलं, पण एवढं मोठं काम वाळताना वाकडं होऊ न देणं भल्याभल्यांना जमत नाही, हेही खरं. माझी तक्रार लेखकाच्या अगदी उलट आहे: वाळवण फारच थोडी दाखवतात. चहाच्या किटलीचं झाकण किटलीबरोबरच, एकाच वेगाने वाळवावं लागतं, नाहीतर शेवटी ते बसत नाही. स्पर्धक प्लॅस्टिक पांघरतात, काढतात, पुन्हा पांघरतात. निम्मा निकाल तिथेच लागतो आणि कॅमेरा तेवढ्यात दुसरीकडे गेलेला असतो.

भट्टीचं महत्त्व खुद्द कार्यक्रमाला मात्र उमगलेलं दिसतं. पहिली काही पर्वं जे रिच मिलर भट्टी सांभाळायचे, ते २०२१ पासून परीक्षकाच्या जागी आले. स्वयंपाकाच्या स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला मीठ टाकता येतं. इथे भट्टीचं दार लागलं की स्पर्धक आणि प्रेक्षक सारखेच अडाणी. दार उघडताना त्या सगळ्यांचे चेहरे बघण्यासाठीच मी दर भाग बघते. लेखक नेमकं तेवढंच कापायला निघाले आहेत.

हे पत्र लिहीत असताना आमच्या वर्गाची भट्टी निवते आहे. आत माझी एक किटली आहे, झाकणासकट. उद्या दुपारपर्यंत दाराला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली आहे.

आपली,
एक हौशी कुंभारीण