रोइंग शिकायचे तर पहिले दोन महिने घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरून नदीचा जोर कमी झाला, की पुण्यातल्या बोट क्लबांत नव्या लोकांची चौकशी सुरू होते. त्यात दत्तू भोकनळ यांचा वाटा मोठा आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाले, वल्हे त्यांनी तिथे गेल्यावरच हाती धरले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते एकेरी स्कलिंगमध्ये, म्हणजे एकट्याने दोन्ही हातांत एकेक वल्हे धरून वल्हवण्याच्या शर्यतीत, तेराव्या स्थानावर आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक मिळवून परतले. उशिरा सुरुवात करूनही इथवर पोहोचता येते, हे त्यांनी दाखवून दिले. चौकशीला येणारे पालक मात्र पहिला प्रश्न विचारतात, ‘स्पर्धेत कधी उतरवणार?’ आणि काही क्लबही त्यांच्या समाधानासाठी मुलांना घाईने अरुंद बोटीत बसवतात. नव्यांना शिकवणारे म्हणून आमचे या घाईवरच म्हणणे आहे.

क्लबमध्ये पैसे भरण्याआधी एकदा सकाळी सहाला धक्क्यावर जाऊन उभे राहा. नवशिके पाण्यात असताना मोटरची बचाव-बोट खरोखर बाहेर निघते का, की काठावर ताडपत्रीखाली पडून असते? लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, त्यांचे पट्टे आणि बकल धड आहेत का? वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या बोटींनी कोणत्या बाजूने चालायचे याचा नकाशा भिंतीवर लावला आहे का? वल्हवणारा प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतो, त्यामुळे बाजू ठरलेल्या नसतील तर दोन बोटी समोरासमोर आदळतात. बोटीच्या टोकावरचा पांढरा रबरी चेंडू त्यासाठीच असतो. तो निखळलेला दिसला तर त्या क्लबच्या देखभालीबद्दल वेगळे विचारायला नको. फी, ट्रॉफ्या, मोठ्या खेळाडूंचे फोटो, हे सगळे यानंतर पाहा.

पोहण्याची चाचणी न घेता बोटीत बसवणारा क्लब टाळा. टी-शर्ट आणि अर्धी चड्डी अंगात ठेवून निदान ५० मीटर पोहणे आणि दोन मिनिटे जागेवर तरंगणे, एवढे तरी जमलेच पाहिजे. त्यानंतर बोट मुद्दाम उलटवून बाहेर येण्याचा सराव तलावात किंवा काठाजवळच्या उथळ पाण्यात करून घ्यावा. या सरावात एकच गोष्ट अंगात मुरवायची, ती म्हणजे बोट सोडायची नाही. उलटलेली बोट तरंगते. तिच्यावर छाती टेकायची, शक्य तितके अंग पाण्याबाहेर काढायचे आणि हाक मारायची. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेला माणूस अंदाज चुकून मध्येच दमतो, किंवा जलपर्णीच्या मुळांत पाय अडकवून घेतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

बोटीतले बूट पायफळीला, म्हणजे स्ट्रेचरला, कायमचे जोडलेले असतात. उलटल्यावर पाय त्यातून आपोआप सुटावेत म्हणून प्रत्येक टाचेला दोरी बांधलेली असते. टाच फार तर सात सेंटीमीटर उचलली जावी, त्याहून वर गेली तर पाय बुटातून निघण्याऐवजी बूट पायाबरोबर येतो. बोट पाण्यात टाकण्याआधी ही दोरी ओढून पाहायची आणि बुटाचे वेल्क्रो एका हाताने एका झटक्यात सुटते का तेही बघायचे. तुटलेल्या दोरीच्या जागी बुटाची जुनी नाडी सैल बांधून वेळ मारून नेलेली असते, तेव्हा खास लक्ष द्या.

स्पर्धेची एकेरी बोट सुमारे आठ मीटर लांब असते आणि पाण्याच्या पातळीला जेमतेम फूटभर रुंद. नियमाप्रमाणे तिचे किमान वजन १४ किलो. ती हलकी असल्याने नवखा माणूस सहज उचलतो आणि वळताना मागचे टोक खांबावर किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर आदळवतो. वळण्याआधी दोन्ही टोकांकडे पाहायचे. बोटीत उतरताना पाय फक्त सीट ज्यांवर सरकते त्या दोन रुळांमधल्या फळीवर ठेवायचा, कारण बाकीचा तळ इतका पातळ असतो की टाचेच्या दाबानेही त्याला भोक पडते. त्याआधी दोन्ही वल्ही गेटमध्ये, म्हणजे वल्हे अडकवायच्या खाचेत, बसवून गेटचे स्क्रू पूर्ण आवळायचे. अर्धवट आवळलेल्या गेटमधून मधल्या पाण्यात वल्हे निसटले, की बोट क्षणात कलंडते. मुठींचेही, म्हणजे वल्ह्यांच्या हातात धरायच्या टोकांचेही, तसेच. दोन्ही पाती पाण्यावर आडवी आणि दोन्ही मुठी एकत्र धरलेल्या असतील तर अरुंद बोटही सहसा उलटत नाही. तोल गेला की नवशिके मुठी सोडून बोटीच्या कडा पकडतात आणि तिथेच पाण्यात जातात.

म्हणून आमचा आग्रह असा की पहिले काही आठवडे रुंद, जड शिकाऊ बोटीत किंवा दोन जुन्या खेळाडूंसोबत चौघांच्या बोटीत घालवावेत. स्ट्रोकचा, म्हणजे वल्ह्याच्या एका फेऱ्याचा, क्रम तिथेच बसतो. पाते पाण्यात टाकले की आधी पाय ढकलतात, पाय जवळजवळ सरळ झाले की पाठ मागे जाते, हात शेवटी वाकतात. परतताना नेमके उलट, म्हणजे आधी हात लांब, मग कमरेतून पुढे झुकायचे आणि मग गुडघे वर. गुडघे आधी वर आले तर मुठी त्यांच्यावरून उचलून न्याव्या लागतात, पाती खाली पाण्यात शिरतात आणि बोट डुलू लागते. दुसरी नेहमीची चूक अशी की पाय ढकलले जातात, सीट मागे सरकते, पण मुठी जागच्या जागीच. पायांची सगळी ताकद वाया जाते आणि मग उरलेले ओझे कमरेने ओढावे लागते. रोइंगमधली कंबरदुखी बऱ्याचदा इथून सुरू होते. हे सुधारायला हात आणि पाठ सरळ ठेवून फक्त पायांनी, तेही सीट रुळांवर अर्धीच सरकवून वल्हवायला लावावे. ओढायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ परतीला द्यायचा. स्कलिंगमध्ये मुठी मध्यभागी एकमेकींवरून जातात, तिथे डावा हात किंचित वर आणि उजवा खाली व अंगाजवळ. हे सुरुवातीला चुकले की बोटांची साले निघतात.

पाते तिरपे पाण्यात शिरले तर ते खोल ओढले जाते आणि मूठ पोटात बसते. यालाच ‘क्रॅब’ म्हणतात. बहुतेक वेळा कारण एकच, वल्हे घट्ट आवळलेले असते, त्यामुळे मनगटाने ते फिरत नाही. मूठ बोटांनी धरायची, तळव्याने नाही, आणि अंगठा मुठीच्या टोकावर ठेवून वल्हे हलके बाहेर दाबायचे. फोडही याच आवळण्याने येतात. हातमोजे घालून फोड टळत नाहीत, उलट वल्ह्याचा अंदाज जातो. फुटलेला फोड साबणाने धुऊन, पाणी शिरणार नाही अशी पट्टी लावूनच पाण्यावर जावे. आपल्या नद्यांच्या पाण्यात जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका खरा आहे. बाहेर आल्यावर हात धुतल्याशिवाय बाटलीला तोंड लावू नये. नंतर ताप आला तर आपण नदीच्या पाण्यात जातो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

कपड्यांवर खर्च नको, फक्त अंगाबरोबर बसणारे हवेत. सैल टी-शर्टमध्ये मूठ अडकते आणि ढगळ चड्डीचे कापड सीटच्या चाकांखाली जाते.

जिममधल्या रोइंग मशीनने सुरुवात करणारेही पुष्कळ आहेत. ते उपयोगी आहे, पण बाजूचा पंख्याचा खटका दहावर नेऊन जोर काढण्यात शहाणपण नाही. तो खटका आत येणारी हवा ठरवतो. दहावर प्रत्येक स्ट्रोक जड, संथ होतो आणि शिकाऊ माणसाची पाठ धरते. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवा, मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, एका वेळी दहा मिनिटे, आणि पलीकडे आरसा असेल तर फार बरे. मशीन तोल शिकवत नाही, दिशा शिकवत नाही. त्यावरचे आकडे पाहून कोणाला एकेरीत बसवू नये.

एकेरी बोट कधी द्यायची? मुलाने चालत्या बोटीला पाती टेकवून तत्काळ थांबवले, मागे वल्हवत नेले, जागच्या जागी दोन्ही बाजूंना वळवले, दर पाच-सहा स्ट्रोकला मान वळवून मागे पाहिले आणि प्रवाहाच्या विरुद्ध येऊन धक्क्याला अलगद बोट लावली, की द्यावी. आठवड्यातून तीन सकाळी मिळाल्या तर याला सर्वसाधारणपणे दोन महिने लागतात. तोपर्यंत २००० मीटरच्या शर्यतीचे नावही काढू नये.

किनारपट्टीच्या जिल्ह्यांनीही या खेळाकडे पाहावे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून धावत येऊन वल्हवण्याची बीच स्प्रिंट ही शर्यत पहिल्यांदाच होणार आहे. त्यासाठीच्या बोटी रुंद असतात आणि आत आलेले पाणी मागून आपोआप वाहून जाते. नवशिक्यांना त्या जास्त मानवतात. कोकणात आणि गोव्यात या बोटींचे क्लब उभे राहिले तर दर्यावर वाढलेल्या मुलांना पुण्याला यावे लागणार नाही.

शेवटी नदीविषयी. मुळा-मुठेच्या संगमाजवळ बोटी चालतात त्या बंड गार्डनच्या बंधाऱ्याने पाणी अडते म्हणून. त्याच साठलेल्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात जलपर्णी माजते. तिची एक गाठ बोटीच्या तळाच्या फिनमध्ये, म्हणजे दिशा धरून ठेवणाऱ्या छोट्या पात्यात, अडकली की बोट वळत नाही, आणि पात्र भरले की नवशिक्यांच्या सरावाला जागाच उरत नाही. पात्र पूर्ण झाकल्यावर यंत्रे उतरवण्याऐवजी थंडी सुरू होताच, छोटे पुंजके दिसू लागतील तेव्हाच, वरच्या अंगापासून काढणी सुरू करावी आणि काढलेली जलपर्णी काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलावी, नाहीतर पुढच्या पाण्याबरोबर ती परत पात्रात जाते. संबंधित यंत्रणांनी यंदा हे वेळापत्रक आधी जाहीर करावे, म्हणजे क्लबांना नव्या तुकड्या कधी घ्यायच्या हे ठरवता येईल.

आपले,
रोइंगचे काही प्रशिक्षक, पुणे